तीन बिंदू

मकरपुऱ्यात आमचं मशीन म्हणालं, बासष्ट पूर्णांक शून्य शून्य आठ.
सावलीत त्यांचं म्हणालं, शून्य दोन एक.
(सावली हे गावाचं नाव. ऊन तिथेही
बडोद्याइतकंच.)
मधे पस्तीस-चाळीस किलोमीटर, एक टेम्पो,
आणि ड्रॉइंगवर वरची मर्यादा: शून्य एक नऊ.
म्हणजे इथे पास, तिथे नापास.
चाळीस हाउसिंग गोणपाटात गुंडाळून परत.

फोनवर फाल्गुनीबेन दरजी.
"तमारो आंकडो खोटो, बेन."
आडनावच दरजी, मापाबद्दल त्यांना मी काय सांगणार.
तरी म्हटलं, तुमचा एसी बघा.
त्या म्हणाल्या, तुमचा प्रोब.
दोघींनी फोन ठेवून
मुकाट्याने दोन्ही तपासलं.

एसी वीसवर. ग्रॅनाइट दोनदा पुसलं.
प्रोबच्या टोकाचं माणिक, ज्वारीच्या दाण्याएवढं,
भिंगाखाली धरलं:
ना ओरखडा, ना ॲल्युमिनियमचा चिकटा.
पार्ट रात्रभर खोलीत ठेवले,
रस्त्याचा ताप उतरावा म्हणून.
सकाळी पुन्हा आठ.
तिथे पुन्हा एकवीस.

मग मास्टर रिंग पाठवली.
तेलाच्या फडक्यात, लाकडी डबीत,
टेम्पोच्या मागे नाही, पुढे,
क्लीनरच्या मांडीवर; आणि शिर्क्याला बजावलं,
खड्डा आला तर गाडी नाही, डबी सांभाळ.
रिंगने तिथे तेच सांगितलं जे इथे सांगितलं होतं.
अर्ध्या मायक्रॉनचाही वाद नाही.
दोन्ही मशीनं खरी.

मला बरं वाटायला हवं होतं.

खोट्याला निदान पत्ता असतो,
जाऊन दार वाजवता येतं.

गुरुवारी रात्रपाळीच्या खानविलकरने
पार्ट फिक्स्चरमध्ये वाकडा बसवला,
साठ अंश फिरलेला,
आणि स्टार्ट दाबलं.
शून्य तीन चार.
"सॉरी मॅडम, काढतो—"
हात लावू नकोस, म्हटलं. तसाच राहू दे.

प्रोग्राम माझा. नऊ वर्षांपूर्वीचा,
घाईत लिहिलेला, तीन बिंदूंचा.
कुठल्याही तीन बिंदूंतून एक वर्तुळ जातं
(एका रेषेत नसले की झालं),
भूमितीच्या बाईंनी सांगितलेलं, आणि ते खरंच आहे.
वर्तुळ जातं.
भोक जातं का, ते नऊ वर्षं कुणी विचारलं नाही.
फाल्गुनीबेन चोवीस बिंदू घेतात.

खाली टर्निंगला गेले. रायसिंगने चक दाखवला,
तीन जबडे,
आणि किल्लीवर चढवायचा पाइप, जास्त आवळायला.
"पार्ट निसटायला नको ना."
भिंत पातळ. जबड्यांत आहे तोवर
टूल अगदी गोल कापतं, खोटं काही नाही.
जबडे सुटले की पार्ट श्वास सोडतो
आणि तीन ठिकाणी, केसाच्या दहाव्या हिश्श्याने,
आपल्या मूळ अंगावर जातो.
मांडवीत बांगड्या भरताना कासारीण हात असाच आवळते.
तेवढ्यापुरता हात गोल होतो.
मग आपण घरी येतो, हातासारखा हात घेऊन.

फोन केला. म्हटलं, बोर गोळ ज नथी.
पलीकडे कुणीतरी बारीक हवेची तोटी बंद केली,
तेवढी शांतता.
"तो पछी आपणे बेउ साचां?"
बेउ, म्हटलं.
चाळीस पार्ट तरीही भंगारात.

रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात
एकच ओळ मावते.
लिहिलं: जबड्यांचा दाब.
मग रकान्याबाहेर, समासात, पेनाने:
तीन बिंदू, माझे.
सही केली.

रिंग अजून सावलीतच आहे.
शिर्के सोमवारी आणेल.